पंडरीतला उपासकरी

“बाई, मॉडेल सांगन तेच लिहाचं. आपलं मन मधात घालाचं नाही.” शिरीष सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि एकावन्न वर्षांच्या सुनेत्रानं ते आजवर इमानानं पाळलं होतं.

रायपुरात ऊन असंच वाढत गेलं तर २०५० पर्यंत किती मजुरी बुडेल, हे त्यांचं मॉडेल सांगायचं. संगणकात वीस हजार काल्पनिक मजूर; पारा चढला की त्यांचे कामाचे तास घटायचे. अहवाल आज चारपर्यंत गेला, तरच पंडरीच्या कापड बाजारातल्या हमालांना सावलीची शेड मिळणार होती.

पण हमाल क्रमांक ४११७ ऐन थंडीतही महिन्यातून एक दिवस निम्मंच काम करी.

“हा पोट्टा काहून बसून राहिला?” सरांनी विचारलं.

सुनेत्रानं तारखा पंचांगाशी ताडून पाहिल्या. “सर, संकष्टी करते तो.”

“संगणकातला हमाल?”

“अधिक महिन्यातलीही सोडली नाही त्यानं.”

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रफुल्लनं कान धरले. “दीदी, भगवान कसम, पंचांग मैंने नहीं डाला.”

सरांनी ४११७ ला काढायला लावलं. ४११८ नं उपास धरला. त्याला काढलं, तर ४११९ नं.

“साथ आली का उपासाची!” सर ओरडले. साडेतीन वाजले होते. “अख्खी पंडरीच काढा!”

पंडरी गेली की शेडही गेली.

सुनेत्रानं आधी काढलेल्या दोघांना परत कामावर घ्यायला लावलं. तिचे सोमवार, गुरुवार, एकादशी होतेच; चतुर्थी तेवढी पित्तापायी सुटली होती. ती स्क्रीनपाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “बाबा, तू जेव. तुझी चतुर्थी मी धरते. दोन हजार पन्नासपर्यंत.”

प्रफुल्लनं मॉडेल पुन्हा चालवलं.

सगळे हमाल कामावर.

अहवाल गेला. “पाहा, बग होता,” म्हणत सरांनी गोल बाजारातून समोसे मागवले.

“मैंने तो कुछ बदला ही नहीं,” प्रफुल्ल पुटपुटला. मग थबकला. “दीदी, एक बढ़ गया.”

वीस हजार एक.

शेवटची ओळ: स्त्री. वय एकावन्न. दर चतुर्थीला उपास.

२०४३ च्या चैत्रापर्यंत. पुढचे रकाने कोरे.

“सात वर्षं कमी पडून राहिले,” सुनेत्रा एवढंच बोलली.

आज चतुर्थीच होती. धांदलीत डबा उघडायचा राहूनच गेला होता. तो तिनं प्रफुल्लपुढे सरकवला, पदर सावरला आणि दुर्वा आणायला निघाली.