रविवारचा हुंकार

ब्रिस्टलच्या एका शाळेत कस्तुरी जर्मन शिकवायची. गैरहजर मुलांसाठी ती धडा फोनवर रेकॉर्ड करून पाठवी. त्या ऑक्टोबरात धडा होता ‘मेर्शन’चा, म्हणजे परीकथेसाठीच्या जर्मन शब्दाचा. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात रेडिएटरजवळ बसून तिने तो इंग्रजीत सांगितला. जुन्या जर्मनमध्ये ‘मेर’ म्हणजे खबर. तिला लहानखुरं शेपूट जोडलं की झाली चिमुकली बातमी. तोंडोतोंडी फिरता फिरता त्या बातमीची गोष्ट झाली. आणि आज कुणाला ‘मेर्शन सांगू नकोस’ म्हटलं, तर अर्थ होतो, थापा मारू नकोस.

घरी तिच्या दहा वर्षांच्या लेकीने, दियाने, टोस्ट खाता खाता ते ऐकलं आणि विचारलं, “आई, मध्ये मध्ये ‘हं’ कोण म्हणतोय?”

कस्तुरीने पुन्हा लावलं. खबर, मग ‘हं’. गोष्ट, मग ‘हं’. थापांनंतरचा जरा उशिरा आला. बाईमाणसाचा आवाज, घोगरा. वर्गात तर चिटपाखरू नव्हतं. रेडिएटर वाजला असेल, असं तिने दियाला सांगितलं. पण रेडिएटर काही गालात सुपारी धरून हुंकार देत नाही.

सुपारी धरायची ती तिची आई, नागपूरला. त्या घरचा दंडकच होता, ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. तो थांबला की गोष्टही थांबायची. कस्तुरी लग्न होऊन इकडे आली तरी तो सुटला नाही. दर रविवारी ती फोनवर बारीकसारीक सांगे, बॉयलर बिघडला, दियाचा दात पडला, आणि तिकडून दर वाक्याला ‘हं’ येई. आईला जर्मन येत नव्हतं, इंग्रजीही बेताचंच. पण लेक बोलतेय एवढं तिला पुरायचं.

जूनमधल्या शेवटच्या फोनवर आईने विचारलं, कधी येतेस? चार वर्षं झाली होती. कस्तुरीने सांगून टाकलं, तिकीट काढलंय.

“हं,” आई म्हणाली. “कोणत्या तारखेचं?”

दारावर कुणीतरी आलंय म्हणून कस्तुरीने फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं, आणि तिकीटही नव्हतं. पुढचे दोन रविवार तिने फोनच केला नाही. तिसऱ्याच्या आत आई गेली.

आता ती रोज शाळेतून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोनमध्ये चिमुकल्या बातम्या सांगू लागली. शेजाऱ्यांनी कुंपण रंगवलं. कोथिंबीर महागली. मग रेकॉर्डिंग लावून डोळे मिटून ऐकायची. ‘हं’. ‘हं’. हे वेडेपण आहे हे तिला कळत होतं. पण तिला आई हवी होती, आणि शहाणपणाने ती मिळत नव्हती.

आठवड्याभराने मात्र तिला राहवेना. तिने रेकॉर्डिंग चालू करून सांगितलं, “आई, मी तिकीट काढलंच नव्हतं गं.”

लावून पाहिलं. हुंकार नाही.

मागची सगळी रेकॉर्डिंग काढली. कुठेच नाही. मेर्शनच्या धड्यातसुद्धा तिच्या एकटीचाच आवाज उरला होता.

चार दिवस ती बोलून पाहत राहिली. कुंपण, पाऊस, दियाचं स्पेलिंग. काहीच नाही.

पाचव्या दिवशी दिया समोर बसून टोस्ट खात होती. फोन दप्तरात होता. कस्तुरी चहाचा कप धुता धुता, पाठमोरीच, हळूच म्हणाली, “तिकीट काढलंय आई. येते मी.”

“हं.”

अगदी मागून, टेबलाजवळून.

“कोणत्या तारखेचं?”

कस्तुरीने नळ बंद केला. वळायचं तिला धैर्य होईना.

दियाने टोस्टचा घास गिळला.

“सांग ना आई,” ती म्हणाली, “आजी वाट बघतेय.”