जास्तीची पंचवीस मिनिटं

नागपूरला धुकं असणार हे कळताच कॅप्टन हेमांगी सरदेशपांडेनं बंगळूरला इंधनाच्या कागदावर पंचवीस मिनिटं वाढवली. नागपूरपर्यंतचं, तिथं उतरता आलं नाही तर रायपूरपर्यंतचं आणि वर अर्धा तास घिरट्यांचं इंधन नियमानं घ्यावंच लागतं; हे त्याच्याही वरचं.

"मॅडम, हल्ली कोणी घेत नाही हो," सहवैमानिक सिद्राम बिराजदार हसला. "'समतोल' आहे की!"

समतोल म्हणजे आकाशातल्या प्रत्येक विमानाच्या टाक्या वाचून उतरण्याचा क्रम लावणारं यंत्र. ज्याचं इंधन कमी, त्याचा नंबर आधी. ते आल्यापासून भल्याभल्यांनी सावधपणा गुंडाळून ठेवला होता. विमान हलकं राहतं, कंपनी खूश. हेमांगीला या शहाण्यांची मनस्वी चीड येई.

सकाळी नऊला नागपूरवर पाच विमानं घिरट्या घालत होती. धुकं जरा विरळ झालं, तेवढ्यात मागून हवाई सेविकेचा फोन आला. बाराव्या रांगेतल्या खोब्रागडेकाकांच्या छातीत कळा येत होत्या, अंग घामानं भिजलं होतं. रायपूर चाळीस मिनिटं दूर. हेमांगीनं लगेच नागपूरला कळवलं.

पडद्यावर समतोलचं उत्तर उमटलं : क्रमांक पाच.

"आजारी माणूस आहे, आम्हाला आधी उतरू द्या," ती नियंत्रकाला म्हणाली.

"कॅप्टन, तुम्हाला घेतलं तर चौथं विमान धावपट्टीपर्यंत पोचत नाही. एकशे ऐंशी माणसं आहेत त्यात. मी काय करू, तुम्हीच सांगा."

पुढच्या चारही विमानांनी रायपूरला वळायची वेळ केव्हाच घालवली होती. टाकी रिकामी होत आली की आपल्यालाच आधी घेतात, हे त्यांच्या वैमानिकांना पक्कं ठाऊक होतं. आणि यंत्राचं काही चुकत नव्हतं, हेच हेमांगीला सहन होईना. ती दातओठ खात फिरत राहिली.

तेविसाव्या मिनिटाला चाकं टेकली. काका त्याआधीच गेले होते.

शिडीपाशी त्यांची मुलगी रेणुका वडिलांची चप्पल हातात घेऊन उभी होती. "मॅडम, पेट्रोल कमी पडलं होतं का जी?"

हेमांगीला खोटं बोलवेना. "नाही. सगळ्यांत जास्त आपल्याकडेच होतं."



"मग आमालेच काहून फिरवत ठेवलं?"