गाडी अजून उलटीच आहे

संध्याकाळी सव्वासात. दादाच्या गॅरेजमध्ये एक बंद गाडी चारही चाकांवर सरळ उभी होती, आणि तिच्या खालून कोणीतरी ठोठावत होतं.

खाली कोणी नव्हतं. मी स्वतः वाकून पाहिलं.

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे होतो. माझा मोठा भाऊ होता, वहिनी होती. आम्हा तिघांचं चहात साखर किती यावरही कधी एकमत होत नाही. यावर आहे.

गाडी म्हणजे एटीव्ही. जाड टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली, चढावर आणि चिखलात कुठेही जाणारी चारचाकी. वहिनीची रोपवाटिका घरामागच्या चढावर आहे. कुंड्या वाहून तिची कंबर धरली, म्हणून दादाने ही वापरलेली गाडी घेतली. घेतली तेव्हाच बंद होती. पण बंद गाड्या सुरू करणं हाच दादाचा धंदा. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"मी मदतीला माणूस मागितला होता," वहिनी मला म्हणाली. "यांनी सवत आणली. आणि भावोजी, तीही आजारी!"

ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या बाईंना आम्ही काकू म्हणतो. गाडी आणायला गेलो तेव्हा दादाने त्यांची घंटी वाजवली.

"घंटी वाजली की कळतं, बाहेरचं कोणी आलंय," दार उघडत काकू म्हणाल्या. "आमचे हे घंटीला कधी हात लावायचे नाहीत. दारच वाजवायचे. मी आतून 'आले, आले' म्हणेपर्यंत दम नसायचा."

त्यांनी काही लपवलं नाही. काका संध्याकाळी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे गेले होते. परतताना उतारावर गाडी उलटली. काकू त्या दिवशी बहिणीकडे मुक्कामाला होत्या. सकाळी कोणालातरी गाडीची चाकं वर दिसली. काका खाली होते.

"पण त्यांना काही कळलंच नाही हो," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी. तेवढं एक बरं झालं."

गाडी टेम्पोत चढत असताना त्या हेच पुन्हा म्हणाल्या. आम्ही निघालो तेव्हा पुन्हा.

त्या वाक्यावरच त्यांचे दिवस चालले होते.

दादाने दुसऱ्या दिवशी गाडी उघडली. नवी बॅटरी बसवली. ब्रेक दाबून, न्यूट्रलमध्ये टाकून सेल्फ मारला. काही नाही. हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण तपासलं. ठीक. प्लग काढून पाहिला. ठिणगी नाही.

समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा मात्र जळत होता.

या गाड्यांत एक सेन्सर असतो. गाडी उलटली की तो हा दिवा लावतो आणि इंजिन बंद करतो, म्हणजे चाकं फिरत राहत नाहीत. तो बिघडला असणार, असं दादाला वाटलं. त्याने सेन्सर खोलला आणि हातात सरळ धरला. दिवा जळतच राहिला.

मग त्याने तो सहज उलटा केला...

दिवा विझला.

दादाने नवा सेन्सर आणला. तोही तसाच. सरळ धरला की दिवा पेटायचा. उलटा केला की विझायचा.

"वायरिंगमध्ये काहीतरी आहे," दादा म्हणाला. पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

कारण आणखी एक गोष्ट होती. गाडी उलटी पडून राहिली की इंजिनातलं तेल एअर फिल्टरमध्ये उतरतं. गाडी उघडली त्या दिवशी तो फिल्टर तेलाने थबथबलेला होता. अपघातातलं असेल म्हणून दादाने तो धुऊन, वाळवून बसवला. दुसऱ्या सकाळी उघडला...

पुन्हा थबथबलेला.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण टाकीच्या वर असतं. तेही ओलं. भोवती पेट्रोलचा वास. गाडी रात्रभर सपाट फरशीवर उभी, गॅरेजला बाहेरून कुलूप.

"छोट्या, इकडे ये," दादाने मला हाक मारली. "बघ आणि तूच सांग. ही गाडी उभी आहे की पडलीय?"

"उभी आहे."

"डोळ्यांना उभी आहे," तो म्हणाला. "बाकी सगळं म्हणतंय, ती अजून उलटीच आहे."

त्याच संध्याकाळी आम्ही आवाज ऐकला.

टक टक... टक.

दोन लागोपाठ. मग थोडं थांबून एक. पायदानाच्या पत्र्यावर खालून कोणीतरी बोटाच्या पेराने वाजवावं तसा. आम्ही तिघेही वाकलो. फरशी दिसली. सकाळी वहिनीने झाडलेली, कोरडी.

आणि आमच्या तोंडासमोर, रिकाम्या जागेत...

टक टक... टक.

वहिनीने दादाचं मनगट धरलं. पळालं कोणीच नाही. का, ते सांगता येत नाही. त्या आवाजाची भीती वाटत नव्हती असं नाही. पण तो धमकावणारा आवाज नव्हता. कोणीतरी येईल, या भरवशावर वाजवणाऱ्या माणसाचा होता.

दादा त्या रात्री गॅरेजमध्येच बसला. सकाळी चहाला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"कधी थांबला?" मी विचारलं.

"उजाडताना." त्याने कप हातात घेतला, पण प्यायला नाही. "आधी जोरात होता. मग हळू. शेवटी शेवटी तर कान लावून ऐकावं लागत होतं. तो माणूस जागच्या जागी गेला नाही रे."

"काकूंना हे कळता कामा नये," वहिनी म्हणाली. "काही झालं तरी."

आमचं तेवढं ठरलं. आणि नेमका त्याच दिवशी काकूंचा फोन आला. गाडीच्या सीटखालच्या खणात काकांचा मफलर राहिला होता. तो त्यांना हवा होता.

"मीच आणून देतो," दादा म्हणाला.

"नको. मला गाडीही एकदा बघायचीय."

"मग सकाळी या काकू. सकाळी बरं पडेल."

दुसऱ्या दिवशी काकू सकाळी निघाल्याही. पण वाटेत बस बंद पडली, दुसरी उशिरा आली, आणि त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा उन्हं उतरली होती.

वहिनीने त्यांना घरात बसवलं. चहा दिला. मफलर हातात दिला. मग न विचारताच कोणत्या कुंडीला किती पाणी लागतं ते सांगत सुटली. मी घड्याळ पाहत होतो.

"काकू, शेवटची बस चुकेल हं तुमची," मी म्हणालो.

"तुम्ही घालवताय की काय मला?" काकू हसल्या. "दोन मिनिटं गाडीजवळ बसते आणि निघते."

आता नाही कसं म्हणायचं?

दादाने त्यांना स्टूल दिलं. दुपारीच त्याने गाडी पुन्हा एकदा साफ केली होती. काकूंनी हँडलवरून हात फिरवला. मफलरची घडी मांडीवर ठेवली.

"त्यांना काही कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर..."

टक टक... टक.

काकू बोलायच्या थांबल्या.

वहिनी पटकन म्हणाली, "उंदीर झालेत हो फार."

काकूंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या गाडीकडे पाहत होत्या. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. रोजचा आवाज रोजच्या वेळेला आला की माणूस जसा मान वळवतो, तशी त्यांनी मान वळवली होती.

टक टक... टक.

"हे असंच वाजवायचे," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "किती वेळ चालतं?"

"थोडाच वेळ, काकू," दादा म्हणाला. "लगेच थांबतं."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला."

काकू स्टुलावरून उठल्या. गुडघे दुखत असावेत, वहिनी धरायला पुढे झाली, त्यांनी हातानेच नको म्हटलं. फरशीवर बसल्या. गाडीच्या खाली हात घातला, कोपरापर्यंत. आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाल्या,

"आले, आले."

ठोठावणं थांबलं.

"उचला," काकू म्हणाल्या.

आम्ही काही विचारलं नाही. तिघांनी मिळून एक बाजू धरली आणि जोर लावला. दादा रोज गाड्या उचलतो. त्याला वजनाचा अंदाज आहे. ती बाजू जागची हलेना. जणू वर आणखी एक गाडी होती. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा मात्र...

ती एकदम हलकी झाली. जणू खालूनही कोणीतरी रेटा दिला.

क्षणभर आम्ही ती तशीच धरली. मग हळूच खाली टेकवली.

पिवळा दिवा विझला होता.

दादाने सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

काकू रडल्या नाहीत. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "रात्रभर वाट पाहिली असेल हो."

ते जुनं वाक्य त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

त्यानंतर गाडीने एकदाही त्रास दिला नाही. एअर फिल्टर कोरडा. वहिनी तिच्यावर कुंड्या लादून चढावर ये-जा करायची, वर आम्हाला ऐकवायची, "माझी सवत तुमच्या सगळ्यांपेक्षा गुणी निघाली."

महिनाभराने आम्ही काकूंकडे गेलो. संध्याकाळ होत आली तशी त्यांची नजर दाराकडे जाऊ लागली. मग दार वाजलं. दोनदा, आणि थांबून एकदा.

"आले, आले," म्हणत काकू उठल्या. दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. त्यांनी थोडा वेळ दार उघडं ठेवलं, एखाद्याला चप्पल काढून आत यायला लागतो तेवढाच. मग लावून घेतलं.

"रोज येतात," त्या म्हणाल्या. "म्हणून मी आता कुठे मुक्कामाला जात नाही. बहीण रागावते. पण पुन्हा ताटकळत ठेवायचं कसं?"

आपण या बाईंचं भलं केलं की त्यांना कायमचं त्या दाराशी बांधून ठेवलं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आज सकाळी मी बाहेरगावी असताना वहिनीचा फोन आला. थट्टेचा सूर नव्हता.

"भावोजी, गाडी सुरू होत नाहीये."

"बॅटरी बघितली?"

"यांनी सगळं बघितलं." ती थांबली. "दिवा लागलाय. आणि फिल्टर तेलाने भिजलाय."

मी लगेच काकूंना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. त्यांच्या बहिणीला विचारलं. काकू तिच्याकडे नाहीत. काल दुपारी बोलणं झालं होतं, तेव्हा छातीत थोडं भरून आल्यासारखं वाटतंय म्हणत होत्या. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणाल्या, आता नको, संध्याकाळी घरी असायला हवं.

दादा त्यांच्या घराकडे निघालाय. मी हे लिहीत असेपर्यंत त्याचा फोन आलेला नाही.