वरून पाना कोणी धरला?

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते.

माझ्याकडे अमावस्या नाही. दुपार आहे, वैशाखातली. आणि गोष्ट खरी आहे.

खरी म्हणजे, माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ उखा पाटील यांच्या बाबतीत घडलेली. त्यांना खोटं बोलता येत नसे. लोकल बोर्डाच्या निवडणुकीत ते दोनदा पडले, यावरून काय ते समजा.

साल १९४४. नंदुरबारपासून सात कोसांवर, तापीच्या अलीकडचं गाव. नाव सांगत नाही. तिथे आमची शेती अजून आहे.

त्या वर्षी उखा पाटलानं एका लाकूड-ठेकेदाराची जुनी मोटर विकत घेतली. तोरणमाळच्या बाजूला सागवान ओढून ओढून म्हातारी झालेली.

"गाडी राजा आहे," ठेकेदार म्हणाला होता. "फक्त क्लीनर टिकत नाही."

"आधीचा कुठं गेला?"

"होता तोवर होता."

गाडी राजा आहे, एवढंच उखा पाटलाच्या कानात शिरलं.

त्या दिवशी सकाळी सुईण खोलीतून बाहेर आली ती पदराला हात पुसत. मूल आडवं होतं. पाटलाच्या मुलीला, सुगंधाला, दिवस मावळायच्या आत नंदुरबारच्या दवाखान्यात पोचवायला हवं होतं. बैलगाडीचे धक्के ती सोसणार नव्हती.

मोटर दारातच उभी होती. आणि मोटरीत बसता येत नव्हतं.

इंजिनातून निघणारी धुराची नळी जिथं जोडतात, तिथला जोड फुटला होता. सगळा धूर फळ्यांच्या फटींतून आत यायचा. आठवड्यापूर्वी सुगंधा हौसेनं वेशीपर्यंत बसून गेली, तर तिला बेशुद्ध उचलून आणावं लागलं. जोडात घालायची नवी चकती घरात आलेली होती. ती बसवायची तर तीन गंजके बोल्ट सोडवायचे होते.

उखा पाटील गाडीखाली शिरला.

ह्या बोल्टांची एक खोड असते. खालून नट फिरवला की वरून बोल्टही त्याच्यासोबत फिरतो. म्हणून एकानं खाली झोपून नट फिरवायचा, आणि दुसऱ्यानं बॉनेटमधून वाकून बोल्टाचं डोकं दुसऱ्या पान्यानं गच्च धरायचं.

दुसरा पाना बायकोच्या, छबूबाईच्या हातात होता.

"धर!"

"धरेल शे!"

"मग फिरतंय कसं?"

"तुम्हीच फिरी ऱ्हायनात! एवढा धूर तं मन्हा चुलाबी नही करस. म्हने मोटर लयनू!"

पाना सटकला. पाटलाच्या बोटांची सालं निघाली. हातोडा मारून झाला, गोवऱ्यांचा जाळ लावून झाला. रॉकेल रेशनवर, तेही संपलेलं. बोल्ट ढिम्म.

आतून सुगंधा विव्हळली.

"पोरगी तठे मरी ऱ्हायनी, आनि मी आठे लोखंड धरी उभी!" छबूबाईनं पाना इंजिनावर आदळला आणि ती घरात गेली.

शेतावरचा राखणदार नवलसिंग रॉकेल शोधायला गेला होता. तो परतला मोहाच्या दारूची बाटली घेऊन.

"हिच्यानंबी गंज सुटस," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "पाटील, आमनामा पहिला थेंब मरेल मानूसले देतस. नाव लिसन. नाव नही लिधं, तं जो जवळ ऱ्हास तो पेस."

"मी बोल्टाला पाजतोय," उखा पाटील खेकसला. "आणि घ्यायला त्याचं नाव मला ठाऊक नाही. तू बैल जुंपून ठेव, हे नाहीच जमलं तर."

नवलसिंग गोठ्याकडे गेला.

पाटलानं तिन्ही बोल्टांवर दारू ओतली. खाली मातीत टपटप थेंब पडले.

मातीनं ते लगेच पिऊन टाकले...

त्यानं पुन्हा खाली शिरून नटाला पाना लावला आणि घरातल्या बायकोला ऐकू जाईल असा ओरडला, "धर गं!"

वर लोखंडाला लोखंड टेकल्याचा आवाज आला.

पकड बसली. अशी की जणू बोल्ट भिंतीत चिणलाय. नट कुरकुरला... आणि सुटला.

पाटलाला इतका आनंद झाला की बायकोची माफी मागायचं त्याच्या जिभेवर आलं. त्यानं ते गिळलं.

"दुसरा. धर!"

धरला.

दुसराही सुटला.

"बघ, मन लावलं तर जमतं की तुला."

वरून उत्तर नाही.

पंचवीस वर्षांच्या संसारात छबूबाईनं टोमण्याला उत्तर दिलं नाही, असं झालं नव्हतं. संशय तिथंच यायला हवा होता.

तेवढ्यात छबूबाईचा आवाज आला.

घरातून...

"झायं का नही तुम्हनं? मी पोरगीजोडे बशेल शे, एकलाच कोनसंगे बोली ऱ्हायनात?"

गाडीखाली झोपलेल्याला बाहेरच्या माणसाचे फक्त पाय दिसतात. पाटलानं मान वळवली.

समोर ऊन. धूळ. एक कोंबडी.

पाय नव्हते.

आणि वर, तिसऱ्या बोल्टाच्या डोक्यावर, पाना सरकून टेकला.

न सांगता.

बाहेर पळायला दोन हात जागा होती. आत सुगंधा पुन्हा ओरडली, आणि या वेळी तो ओरडा मध्येच तुटला.

उखा पाटलानं डोळे मिटले.

"धर," तो म्हणाला.

तिसरा सुटला. नवी चकती बसली. आवळतानाही तोच शब्द, तीच पकड. पाटील बाहेर आला तेव्हा दुसरा पाना इंजिनावर पडला होता. उन्हात तापलेल्या लोखंडावर तो गार होता.

सुगंधाला मागच्या बाकावर झोपवलं. छबूबाई पुढं बसली. तिनं भीतीनं दोन्ही हातांनी दार घट्ट पकडलं होतं. गाडीत धुराचा कण नव्हता. मोहाचा वास तेवढा होता.

दिवस मावळताना मोटर दवाखान्याच्या फाटकात थांबली.

"माय," मागून सुगंधा म्हणाली, "आते हात सोड ना मन्हा. दुखस."

छबूबाईनं दारावरच्या आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

पाटलानं मागं पाहिलं नाही.

"सोड," तो म्हणाला.

काही नाही.

"माय, सोड ना..."

कामावरच्या माणसाला उखा पाटलानं उभ्या जन्मात अहोजाहो केलं नव्हतं.

"सोडा आता," तो म्हणाला. "काम झालं. उपकार झाले."

सुगंधानं श्वास सोडला.

आणि गाडी एका बाजूनं हलकेच वर उचलली गेली. पायरीवरून माणूस उतरल्यावर उचलली जाते, तशी.

दार उघडलं नव्हतं. कोणी उतरलं नव्हतं.

आई वाचली, मूल वाचलं. आठवड्यात पाटलानं मोटर विकली. कोणाला, ते त्यानं सांगितलं नाही.

मी आजवर तीन मेकॅनिकना विचारलंय. कोणी उतरलं नसताना गाडी अशी उचलली जाते का? दोघं हसले.

तिसरा हसला नाही. त्यानं विचारलं, "कोणत्या बाजूनं?"

"डाव्या," मी म्हणालो.

"क्लीनरची बाजू," तो म्हणाला, आणि हातातला पाना पुसू लागला...