सोमवारचं पाणी

सोमवारी दुपारचं जेवण उरकून नेडा हिरव्या रंगाची बाटली घेऊन निघाली. ती गावच्या सांडपाणी केंद्रात कामाला होती आणि हा रंग तिच्या रोजच्या कामातला. एकेका घराच्या संडासात तो ओतायचा, वर बादलीभर पाणी सोडायचं आणि बंदरावरच्या जुन्या दगडी गटाराच्या तोंडावर नजर ठेवायची. वर्षापूर्वी सगळी घरं नव्या वाहिनीला जोडली होती. गटारातून हिरवं पाणी आलं, की ते घर लबाड, अजून जुन्याच गटाराला जोडलेलं.

चार दिवस दखणा वारा सुटला होता. भिंती ओलसर, पाव बुरसटलेला, आणि माणसं उगाचच एकमेकांवर खेकसत होती.

अकरा घरं निर्दोष निघाली, तरी खाडीत घाण उतरतच होती. पाण्याचे दोन नमुने खराब आले होते. तिसरा खराब आला, की श्पिरोकाकाची काळ्या शिंपल्यांची शेती बंद. बाप गेल्यावर त्यानेच नेडाला वाढवलं होतं, याच शिंपल्यांवर. आणि उरलेलं बारावं घर त्याच्या शेजारचं, गेल्या हिवाळ्यात वारलेल्या पेरिनाचं. किल्ली त्याच्याकडे. "गटाराकडचा जुना पाइप मीच बुजवलाय," असं तो म्हणाला होता आणि नेडाने न बघताच नोंदवहीत तसं लिहून टाकलं होतं. आता तेच तिचं मन खात होतं.

"बार्बा, किल्ली दे." गावात काकाला बार्बाच म्हणतात.

"मेलेल्या बाईच्या संडासात काय बघणारेस?"

"चोरून पर्यटक ठेवतोस ना तिथे? खरं सांग."

"तर काय! जर्मनांची अख्खी पलटण उतरलीय." तो हसला खरा, पण किल्ली देण्याआधी त्याने ती मुठीत घट्ट धरून ठेवली. नेडाचा संशय पक्का झाला.

घरात कुबट अंधार होता. पाण्याचा मीटर कधीच काढून नेलेला, नळ कोरडे. तिने अंगणातल्या पावसाच्या पाण्याच्या टाकीतून बादली शेंदली, रंग कालवला आणि ओतला. श्पिरोला तिने फोन घेऊन गटाराच्या तोंडाशी उभं केलं होतं.

"काय दिसतंय?"

"काही नाही." मग बराच वेळ नुसता वारा. "पोरी... पाणी येतंय."

"हिरवं?"

"नाही... पांढरं. साबणाचं. जुना मळ धुऊन आणतंय... आणि कोमट आहे गं."

नेडा जागच्या जागी थिजली. घरात एकही नळ चालू नव्हता. पण मोरीच्या बंद दाराआडून ओलं कापड आपटल्याचा आवाज येत होता. धप्प... धप्प... दार उघडायची तिची छाती झाली नाही.

दोन्ही खराब नमुने सोमवारचेच होते, हे तिला तेव्हा आठवलं.

धापा टाकत ती बंदरावर पोचली. "तुला माहीत होतं, बार्बा!"

"सोमवार तिचा धुण्याचा," तो मान खाली घालून म्हणाला. "माझे सदरेही तीच धुवायची. मोरीचा पाइप बुजवायलाच गेलो होतो... आवाज आला. हात उचलेना. तेवढीच उरलीय ती."

"आणि शेती गेली तर? खाशील काय?" नेडाला रडू आवरेना.

 संध्याकाळी श्पिरोने स्वतःच सिमेंट कालवलं आणि पाइप बुजवला. नेडा या वेळी शेजारी उभी राहून बघत होती.

पुढच्या सोमवारी दुपारी गटाराचं तोंड ठणठणीत कोरडं होतं. खाडीचं पाणी नितळ. ती पळतच काकाच्या अंगणात शिरली.

"एक थेंब नाही, बार्बा! वाचली शेती!"

श्पिरो पायरीवर बसला होता. समोर दोरीवर त्याचे पाच सदरे निथळत होते.

"आज धुणं काढलंस?" नेडाने विचारलं.

त्याने दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. कोरडे, स्वच्छ. मग तिची नजर सदऱ्यांवर गेली. प्रत्येक कॉलरवर हिरव्या रंगाची बारीक बोटं उमटली होती.

"आत जाऊ नकोस," श्पिरो हळूच म्हणाला. "अजून चादरी राहिल्यात तिच्या..."

त्याच्या मोरीचं दार आतून लोटलेलं होतं.