कोपऱ्यातल्या खोलीचं वीजपाणी

"ग्राफिक्स कार्ड काय, कुणीही निवडतं, ताई. माणूस फसतो तो पॉवर सप्लायमध्ये," मामेभाऊ म्हणाला. संगणकांचं दुकान त्याचंच, त्यामुळे तिने मान डोलावली आणि नेमकं उलटं केलं. कार्ड घेतलं दांडगं. सप्लाय, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मात्र जुनाच ठेवला.

बाळंतपणानंतर घरी बसलेल्या तिला पुष्कळ दिवसांनी काम मिळालं होतं. एका नव्या इस्पितळाच्या खोल्या बांधण्याआधीच चित्रात उभ्या करायच्या, अगदी फोटो काढल्यासारख्या. हे काम हातचं गेलं असतं तर ते देणाऱ्या आर्किटेक्टबाईंनी पुन्हा दारात उभं केलं नसतं.

नव्या कार्डाने झपाटा लावला. वॉर्ड झाले, जिने झाले, खाटांच्या रांगा झाल्या. राहिली कोपऱ्यातली एक रिकामी खोली. चार भिंती आणि एक काचेचं दार. तिने ती बनवायला घेतली आणि संगणक फट्दिशी बंद पडला.

पुन्हा लावला, पुन्हा बंद. गंमत म्हणून तिने सगळ्यांत गजबजलेला वॉर्ड परत बनवून पाहिला. तो सुरळीत झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामेभाऊ आला. "सांगितलं होतं ना? कार्ड मध्येच घास मोठा घेतं. जुन्या सप्लायच्या घशात अडकतो."

"पण रिकाम्या खोलीला घास कसला?"

त्याने भिंतीतल्या प्लगला वीज मोजायचा मीटर लावला. वॉर्ड बनवताना आकडा बेताने चढला आणि स्थिरावला. मग तिने खोली बनवायला लावली. आकडा चढतच गेला. संगणकातल्या पंख्यांचा आवाज सोसाट्यासारखा झाला, टेबल थरथरलं आणि पडदा काळा झाला.

मामेभावाने फाईल स्वतः उघडून पाहिली. एकेक वस्तू तपासली. भिंती, फरशी, दार.

"ताई, यात काहीच नाही."

"तेच तर म्हणतेय."

"मग एवढं खातंय कोण?"

दुकानात जाऊन तो तिथला सगळ्यांत मोठा सप्लाय घेऊन आला, जाड वायरी खोचल्या आणि कॅबिनेटचं झाकण लावताना पुटपुटला, "आता काय खायचं ते खा बाबा."

तिने बटण दाबलं.

पंखे घोंगावले. आकडा चढला. थांबेना.

पाळण्यातलं बाळ उठलं, पण रडलं नाही.

मग एकाएकी सगळं शांत झालं. पडद्यावर खोली आली. स्वच्छ, उजळ, रिकामी.

"सुटलो!" मामेभाऊ खुर्चीत कोसळला. तिला हसू आवरेना. किती दिवसांचा छातीवरचा धोंडा उतरला होता! तिने चित्रं तिथल्या तिथे पाठवली, चहा टाकला, बाळाला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात एक गिरकीही मारली.

तासाभरात आर्किटेक्टबाईंचा फोन आला. काम पसंत होतं. पुढची इमारतही तिलाच. "आणि त्या कोपऱ्यातल्या खोलीचं दार! काचेवर आतून वाफ धरलेली काय झकास दाखवलीत. अगदी खरी वाटते."

"हो का," ती म्हणाली. वाफ तिने काढली नव्हती.

फोन ठेवून तिने चित्र मोठं करून पाहिलं. होती खरी. दाराला टेकून कुणी बसलं तर तोंड येईल तिथे, काचेच्या आतल्या बाजूला, तळहाताएवढा धुरकट गोल.

असेल प्रकाशाचा काही खेळ. काम तर मिळालं! तिने चित्र मिटलं, मामेभावाला दारापर्यंत सोडलं, बाळाला दूध पाजलं. खूप दिवसांनी जीव कसा हलका झाला होता. संगणक बंद करण्याआधी, नुसतं कौतुकाने, तिने ते चित्र आणखी एकदा उघडलं.

वाफेच्या मधोमध, एका डोळ्याला बाहेर पाहता येईल एवढीच काच कुणीतरी पुसली होती.