दोन थापा, एक थाप

वारा पडला होता, तेच मुळात वाईट. दक्षिण डकोटात वारा सहसा पडत नाही. पडला की आभाळ हिरवट होतं, गहू हलायचा थांबतो आणि माणसं उगीच मागे वळून बघतात. डिझेल भरून लेटाने ट्रेलर जोडलेली पिकअप जरा पुढे घेतली, तशी मागच्या हौद्यातून रोजचीच ती हाक आली. धप... धप.

"मागे कोण आहे?" पंपाशेजारच्या गॅरेजमधून एक उंच पोरगा हात पुसत बाहेर आला.

"माझे बाबा," लेटा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

पोराने वाकून पाहिलं. हौद्यात ट्रेलर जोडायच्या हुकाशिवाय काही नव्हतं.

"दिसत नाहीत," तो गंभीरपणे म्हणाला. "लाजाळू आहेत का?"

खरं तर तिला राग यायला हवा होता. पण किती दिवसांनी हसू आलं!

बाबा वसंतातच गेले होते. गहू पिकत जाईल तशी त्यांची कापणीची टोळी टेक्सासपासून उत्तरेला सरकायची, आणि हा ट्रेलर म्हणजे बापलेकीचं घर. ट्रेलर जोडून झाला की बाबा पिकअपच्या पत्र्यावर तळहाताने थाप मारायचे. दोन थापा म्हणजे नीघ, एक म्हणजे थांब. यंदा ती एकटी निघाली आणि पहिल्याच दिवशी मागून दोन थापा आल्या. मग रोजच येत राहिल्या. ती अंगावर काटा घेऊन ऐकायची, आणि मनातून सुखावायची.

"हुक ढिला झालाय," पोरगा म्हणाला. सोरेन त्याचं नाव. "पुढे मिझुरी नदीचा उतार आहे. तिथे सुटला तर ट्रेलर तुझ्या आधी खाली पोचेल."

"राहू दे तसाच."

"का?"

लेटाने खाली बघत सगळं सांगितलं. "दुरुस्त केलास तर... ते बोलायचे थांबतील रे."

सोरेन हसला नाही. "मग मी सावकाश करतो," तो हळूच म्हणाला. "तुला निरोप घ्यायला वेळ मिळेल."

त्याने ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावले. ट्रेलरचा वेगळा ब्रेक दाबून धरून तो जागेवर ठेवायचा आणि पिकअप तेवढी पुढे-मागे हलवायची, असं सांगून तो हुकाशी वाकला. धप... धप. ट्रेलरची पिन हुकाच्या जबड्यात खेळत होती, आणि हुकाच्या बैठकीचे दोन बोल्ट तर नुसत्या बोटांनी फिरत होते. तो एकेक पिळू लागला. लेटा उतरून त्याला पाने देऊ लागली.

"गालाला ग्रीस लागलंय तुझ्या," सोरेन म्हणाला.

"मग पूस की."

"माझ्याच हातांना आहे. वाढेल अजून."

"वाढू दे," लेटा म्हणाली – आणि पान्यांत तोंड खुपसून बसली.

शेवटी गाडी पुन्हा हलवून पाहिली. काहीच वाजलं नाही. बाबा दुसऱ्यांदा गेल्यासारखं तिला वाटलं, आणि ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. सोरेन खिडकीशी नुसता उभा राहिला.

"उतारावर खालच्या गिअरमध्ये ने," निघताना तो एवढंच म्हणाला. अजून काहीतरी त्याच्या ओठांवर होतं, ते राहून गेलं.

गाडी रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना गहू, एक कणीस हलत नव्हतं. आणि मागे –

धप.

एकच.

लेटाच्या मानेवरचे केस उभे राहिले. आरशात सोरेन दिसत होता, पार तिकडे पंपाशी, टोपी दोन्ही हातांत धरून. हौद्याजवळ चिटपाखरू नव्हतं. तिने ब्रेक दाबला.

तो धावत आला. "परत ढिला झाला?"

"नाही. चांगला घट्ट आहे."

"मग थांबलीस कशाला?"

"बाबा म्हणाले, थांब."

सोरेनने रिकाम्या हौद्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तरी टोपी छातीशी धरून त्याने त्या बाजूला मान लववली.

"मला जायचंच नव्हतं सोरेन," लेटा म्हणाली. "ते त्यांनाही कळलं. तुला नाही कळलं?"

कुठूनसा वारा सुटला, आणि गहू पुन्हा हलायला लागला.

"कळलं होतं ना," तो म्हणाला. "नाहीतर दोन बोल्टांना एवढा वेळ लागतो होय?"